घंटेची तारीख

कॉलेजात त्यांना सगळे ‘तळटीप’ म्हणत. तोंडावर अर्थातच ‘सर’. पण जिन्याच्या वळणावर त्यांचा करडा कोट दिसला की खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर कुजबुज पोचायची, "तळटीप येतेय." प्राचार्य झाले तरी त्यात फरक पडला नाही.

कारण उघड होतं. सरांना सरळ वाक्य बोलताच येत नसे. "आज गारठा आहे" एवढं म्हणायचं, तरी मागोमाग "अर्थात, परवा जास्त होता" हे आलंच. लग्नाआधी बाईंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, लाडात येऊन विचारलं होतं, "माझ्यासारखी दुसरी कुणी भेटली होती का हो?" सर म्हणाले, "उपलब्ध माहितीनुसार, नाही." बाई तेव्हा पोट धरून हसल्या. तेव्हाच हसल्या, म्हणून पुढे जन्मभर ऐकावं लागलं.

पण एक खरीखुरी तळटीपही होती. एका ओळीची, बारीक टायपातली. कॉलेजात तिचा कुणालाच पत्ता नव्हता, आणि ती सरांच्या मानगुटीवर तेहेतीस वर्षं बसून होती.

सरांचे वडील बाइंडर. खाली दुकान, वर घर, आणि मधल्या जिन्यावर कायम खळीचा आंबूस वास. पोरगा अक्षरं वाचायच्या आधी पुस्तकं शिवायला शिकला. बाप मितभाषी. त्याने लेकाला एकच गोष्ट बजावून सांगितली: चिकटलेलं पान ओढायचं नाही. वाफ द्यायची आणि वाट बघायची, ते आपण होऊन सुटतं. लेक बापाच्या शब्दाबाहेर गेला नाही, आणि तिथेच सगळी माशी शिंकली.

पोरगा हुशार निघाला. मंडळीने, म्हणजे तिथल्या चर्चने, त्याला शिकवलं, पहिला कोटसुद्धा शिवून दिला. कॉलेजही चर्चचंच, त्यामुळे शिकून आला तो तिथेच इतिहास शिकवायला लागला. नेमणुकीच्या दिवशी कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आपलाच मुलगा आहे." असा हात एकदा खांद्यावर पडला की तो खांदा पुढे मोकळेपणाने उडवता येत नाही. हे अध्यक्ष म्हणजे कॉलेजच्या पहिल्या प्राचार्यांचे चिरंजीव. पहिल्या प्राचार्यांचं तैलचित्र प्राचार्यांच्या खोलीत खुर्चीच्या बरोबर वर होतं: छातीपर्यंत दाढी, हातात मिटलेलं पुस्तक. खुर्चीत बसणाऱ्याला ते दिसत नसे. समोर बसणाऱ्याला मात्र दुसरं काही दिसत नसे.

एकोणतिसाव्या वर्षी सरांवर मंडळीचा इतिहास लिहायची जबाबदारी आली. इतिहास होता चर्चच्या मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, आणि कपाटाची किल्ली मावशींच्या कमरेला. मावशी नात्याने कुणाच्याच मावशी नव्हत्या. त्या शाळेत शिवण शिकवत आणि चर्चची दप्तरं सांभाळत. तेव्हा अडतिशीच्या, एकट्या, अंगाने काडी आणि तोंडाने सुरी. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मास्तर, हात दाखवा. शाईने भरलेत. धुऊन या, मग इतिहास."

कपाटात वडील मंडळींच्या सभावृत्ताची पुस्तकं होती. वडील म्हणजे मंडळीने निवडून दिलेले सात-आठ जाणते पुरुष. कुणाचं पाऊल वाकडं पडलं की तो त्यांच्यापुढे उभा राहायचा, कबुली द्यायचा आणि सगळं पुस्तकात उतरायचं. पुढची तीन वर्षं माणूस नीट वागला, तर ती समोरासमोरची दोन पानं खळ लावून एकमेकांना चिकटवत. फाडत नसत, कारण फाडणं म्हणजे घडलेलं नाकारणं. वाचतही नसत, कारण क्षमा केली ती केली.

"उघडी पानं तुमची," मावशी म्हणाल्या. "चिकटलेली देवाची. दोघांनी आपापलं वाचावं."

सरांनी दोन महिने तसंच केलं. मग आडवी आली घंटा. चर्चची मोठी घंटा नक्की कोणत्या तारखेला चढवली, यावर दोन जुन्या पुस्तिकांत दोन मतं. तिसऱ्या पुस्तकात एकशे अकराव्या पानावर ‘घंटा बंदरात पोचली’ असं होतं, आणि एकशे चौदाव्यावर ‘घंटेच्या आवाजाबद्दल तक्रार’. मधली दोन पानं चिकटलेली. शेजाऱ्यांना तक्रार करायला वेळ मिळाला, पण इतिहासकाराला तारीख मिळेना. एखाद्याला ठसका लागावा तसं त्यांचं झालं. दुपारी दोन वाजता मावशी शिवणाच्या तासाला गेल्या. खोलीत शेगडी होती, शेगडीवर किटली होती, आणि सरांच्या खिशात बापाची पानं सोडवायची हाडाची पट्टी होती. इतिहासाच्या प्राध्यापकाच्या खिशात ती काय करत होती, हे विचारण्यात अर्थ नाही.

पान आपण होऊन सुटलं. घंटेची तारीख होती, खाली, शेवटच्या चार ओळींत. वरचं सगळं आगीबद्दल होतं.

कॉलेजचं जुनं लाकडी वसतिगृह एका सुट्टीत जळालं, आत राखणदार मेला, हे गावात पोराटोरांना माहीत होतं. दिव्याची ठिणगी, असं सांगत. काही लोक सांगत नसत, नुसतं स्वयंपाकघरातल्या एका मुलीच्या घराकडे बघत. पान एकशेबारावर ती सतरा वर्षांची मुलगी वडील मंडळींपुढे उभी होती. शेगडीचं झाकण उघडं राहिलं, चूक माझी, असं म्हणत होती. आणि तिच्या खाली पहिल्या प्राचार्यांची जबानी होती: राखणदार उठून प्यायला जातो, म्हणून आपण रोज दाराला बाहेरून कुलूप घालत होतो, त्याही दिवशी घातलं, किल्ली आपल्या खिशात होती. मग ठराव. ‘कुलपाची गोष्ट या खोलीबाहेर जाऊ नये. मुलीने कबुली दिली आहे, तेवढे पुरे.’

ती मुलगी म्हणजे मावशींची आई. वारून तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

सरांनी खळ शिजवली आणि पानं पुन्हा चिकटवली. आधीपेक्षा सुबक चिकटली. पुस्तकात आगीबद्दल लिहिलं, ‘दिव्याची ठिणगी’. अध्यक्षांचा हात अजून खांद्यावर होता, त्याला ते तरी काय करणार? पण घंटेची तारीख त्यांनी बरोबर घातली, आणि तारखेला टीप क्रमांक सत्तेचाळीस: ‘सभावृत्त, पुस्तक तिसरे, पृ. ११२.’ पुरावा न देता तारीख छापणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. चोरी करून चोराने आपला पत्ता ठेवून यावा, तसं झालं.

हे त्यांच्या ध्यानात आलं छापील प्रत हातात पडल्यावर. बाई समोरच होत्या, मुद्रितं त्यांनीच तपासली होती.

"अहो, पांढरे का पडलात? माझं नाव चुकलं का?"

"सत्तेचाळीस."

"सत्तेचाळीस काय?"

"टीप."

"चुकीची पडली?"

"नाही. अगदी बरोबर आहे."

बाईंनी कपाळाला हात लावला. "चूक नाही म्हणून गळाठणारा नवरा जगात एकच असेल, आणि तो माझ्याच वाट्याला."

पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर दारात मावशी उभ्या. "मास्तर, घंटेची तारीख अचूक काढलीत हं," म्हणाल्या, आणि सरांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. वर घंटा चालू होती. सर "अं, हो, उपलब्ध..." एवढंच म्हणाले आणि टोपी विसरून घरी गेले.

नंतर सर चढत गेले. विभागप्रमुख झाले, उपप्राचार्य झाले, शेवटी तैलचित्राखालच्या खुर्चीत बसले. दूरदूरची चर्चं आपला इतिहास त्यांच्याकडून तपासून घेऊ लागली. आणि प्रत्येक बढतीला, हार नाही, फूल नाही, मावशी यायच्या आणि म्हणायच्या, "घंटा छान वाजते, सर." बास. पुढे एक शब्द नाही, धमकी नाही. धमकी असती तर निदान उत्तर देता आलं असतं. कधी एकदा ही बाई पुढचं वाक्य बोलते, या धास्तीत माणूस म्हातारा झाला.

यातून एक गंमत झाली. सर दयाळू म्हणून प्रसिद्ध झाले. त्यांनी एकाही विद्यार्थ्याला काढलं नाही. कॉपी करणारे, खिडक्या फोडणारे, झिंगून वर्गावर येणारे प्राध्यापकसुद्धा, सगळ्यांना, "एक संधी देऊ." वर्तमानपत्राने ‘क्षमाशील प्राचार्य’ म्हणून लेख छापला. बाईंनी तो वाचून दाखवला आणि विचारलं, "ही क्षमा का भीती हो?" सर म्हणाले, "दोहोंची लक्षणं बाहेरून सारखी दिसतात."

सर बासष्टला आले तेव्हा मंडळीची शंभरी आली. अध्यक्ष आता तिसऱ्या पिढीचे, पहिल्या प्राचार्यांचे नातू. लाकडाची वखार चालवायचे आणि वडिलांसारखंच खांद्यावर हात ठेवून बोलायचे. त्यांनी ठरवलं, सरांच्या इतिहासाची दुसरी आवृत्ती काढायची आणि सरांना पाच वर्षं मुदतवाढ द्यायची. दोन्ही ठराव एकाच गुरुवारच्या सभेत. मध्ये नव्या पाळकांना वाटलं, एकदा टिपा मूळ पुस्तकांशी ताडून बघाव्यात. उत्साही माणूस. ताडणार कोण? ज्यांच्याकडे किल्ली, त्या.

गुरुवारी सकाळी अकराला मावशी प्राचार्यांच्या खोलीत आल्या. एकाहत्तरीच्या, काठी टेकत, काखेत फडक्यात गुंडाळलेलं जाड पुस्तक. बसा म्हणायच्या आत बसल्या.

"दोनशे बारा टिपा," त्या म्हणाल्या. "डोळ्यांच्या खाचा झाल्या. माणूस एवढं लिहितो का? दोनशे अकरा बरोबर आहेत."

"आणि एक?"

"ती कशी बघणार? पान उघडत नाही."

सरांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "तुम्हाला कधी कळलं?"

"पुस्तक आलं त्याच दुपारी. मी शिवणाची बाई आहे, सर. टाका उसवून परत घातलेला मला बोटाला कळतो."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? पान आईचं आहे, एवढंच ठाऊक होतं. आई म्हणायची, मिटलं ते. पण मरेपर्यंत तिने घरात शेगडी पेटवली नाही. शेजारणीकडून पाणी तापवून आणायची. मी जन्मभर किल्ली कमरेला लावली, आणि एकदाही किटली ठेवली नाही. मनात येत नव्हतं असं नाही. तुम्ही एका घंटेसाठी उघडलंत."

"पण दर वेळी ते वाक्य तुम्ही..."

"तुमचं तोंड बघायला यायचे. म्हटलं, हा परका माणूस माझ्या आईला ओळखतो, मी नाही. घंटा म्हटलं की तुमचा चेहरा प्रेतासारखा व्हायचा. त्यावरून मी जाणलं, आत भयंकर काही असणार. जाणूनबुजून जाळलं असणार तिने त्याला."

तेहेतीस वर्षं सर या बाईला घाबरत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची ती भीती वाचून ही बाई आपल्या आईला खुनी ठरवत होती.

"नाही," सर म्हणाले. पुढे ‘अर्थात’ आलं नाही. "तुमच्या आईने नाही मारलं. दाराला बाहेरून कुलूप होतं. किल्ली यांच्या खिशात." आणि मागे न बघता त्यांनी अंगठ्याने वर दाखवलं.

मावशी तैलचित्राकडे बघत होत्या तेवढ्यात दार उघडलं. अध्यक्ष.

"काय सर, सभा वाट बघतेय. अरे वा, मावशीसुद्धा."

"सर," मावशी म्हणाल्या, "परत सांगा. यांच्यासमोर. पहिल्यापासून."

सरांनी सांगितलं. आवाज फार मोठा नव्हता, पण सगळं सांगितलं: शेगडी, कुलूप, ठराव. अध्यक्षांच्या चेहऱ्यावरचं हसू जागचं हललं नाही. सगळं ऐकून त्यांनी मऊ आवाजात विचारलं, "कुठे आहे हे?"

मावशींनी पुस्तकावर हात ठेवला. अध्यक्षांनी तो हात आपल्या हातात घेतला, प्रेमाने बाजूला ठेवला आणि पुस्तक पुन्हा फडक्यात गुंडाळलं. "जुनं आहे. जपायला हवं. आजपासून कार्यकारी मंडळाच्या ताब्यात. आणि मावशी, ती किल्लीही द्या. या वयात कशाला ओझं?"

मावशींनी सरांकडे पाहिलं. आता, या घटकेला, माणसाने उठून पुस्तक हिसकावून घ्यायचं असतं. सर उठले आणि म्हणाले, "पोच द्याल का?"

"आपल्या माणसांत पोच कसली, सर?"

मुदतवाढ मिळाली नाही. प्रकृतीच्या कारणास्तव सर निवृत्त झाले. प्रकृती ठणठणीत होती, तिलाही आश्चर्य वाटलं असेल. दुसरी आवृत्ती वेळेवर निघाली, जाड कागद, सोनेरी अक्षरं, एकही तळटीप नाही. आगीवर दोनच ओळी होत्या. पूर्वी ‘दिव्याची ठिणगी’ होती. आता छापलं होतं, ‘स्वयंपाकघरातील एका मुलीच्या निष्काळजीपणामुळे’. तिसऱ्या पुस्तकाला वखारीत ओल लागली आणि ते टाकून द्यावं लागलं, असं पाळकांनी खाली बघत सांगितलं.

मावशी छापील पान घेऊन सरांच्या घरी आल्या. "आता?"

"आता पुरावा नाही," सर म्हणाले. "मी सांगतो तुम्हाला, तुम्ही सांगणार माझ्या नावाने. याला कुणी पुरावा म्हणत नाही." मग एकदम थांबले. "कार्ड."

सर कार्डं करायचे. जे वाचलं ते हातभर नव्हे, तळहाताएवढ्या कार्डावर, तारीख-सही घालून. तीस-चाळीस वर्षांची अकरा हजार कार्डं बारा खणांच्या लाकडी कपाटात घरी होती. त्या दुपारीही कार्ड केलं होतं, हे त्यांना पक्कं आठवत होतं. "कार्ड केल्याशिवाय मी पान मिटतच नाही."

"लावलंय कुठे?" बाईंनी विचारलं.

"तेच आठवत नाही. वर्गवारी तीनदा बदलली."

दुसऱ्याच दिवशी कॉलेजचं पत्र आलं. कार्डांचं कपाट कॉलेजच्या कामासाठी, कॉलेजच्या कागदावर तयार झालेलं, म्हणून कॉलेजची मालमत्ता. सोमवारी दहाला गाडी येईल. कपाटाबद्दल अध्यक्षांना सांगितलं कुणी? कुणीच नाही. जुन्या घराण्यातल्या माणसाला न सांगताच कळतं की इतिहासकार कुठे काय ठेवतो.

तिघं बसली. दिवसभर खिडकीपाशी, मांडीवर खण. आगीखाली नाही, राखणदाराखाली नाही, मुलीखाली नाही, पहिल्या प्राचार्यांखाली तर मुळीच नाही. बाई म्हणाल्या, "माझ्या माहेरच्यांवरही एक कार्ड आहे इथे. ‘बोलघेवडे’ लिहिलंय. आपण नंतर बोलू." मावशी हसल्या नाहीत. त्या एकेक कार्ड दोन बोटांनी उचलून, वाचून, उलटं ठेवत होत्या, कापड तपासल्यासारखं. शनिवारी पाच खण झाले, रविवारी उपासना बुडवून सहा. उपासनेला न जायची मावशींची ती पहिलीच खेप. घंटेचा आवाज खिडकीतून आत आला तेव्हा कुणी वर बघितलं नाही.

सोमवारी सकाळी रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला तेव्हा बारावा खण अर्धा झाला होता. हमालांचं बोलणं जिन्यावर आलं.

"सापडलं," सर म्हणाले.

कार्ड पिवळं पडलं होतं. अक्षर एकोणतीस वर्षांच्या माणसाचं, गोल, नीटनेटकं. मावशींनी ते त्यांच्या हातातून घेतलं, चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचलं.

"‘घंटा. उभारणी: ऑक्टोबर, तारीख चौथी. सभावृत्त तीन, पृष्ठ एकशेबारा.’" त्यांनी कार्ड उजेडाकडे धरलं. खाली आणखी एक ओळ होती. "‘बाकी मजकूर कामाचा नाही.’"

त्यांनी मागची बाजू बघितली. कोरी होती.

"मावशी, मी तेव्हा..." सर म्हणाले.

"काही सांगू नका आता."

दारावर थाप पडली. बाई हलल्या नाहीत. दुसरी थाप पडली. मावशींनी कार्ड काढलेल्या जागी परत ठेवलं, घंटेच्या पुढच्या-मागच्या कार्डांमध्ये, आणि खण हाताच्या तळव्याने सरकवून बंद केला.

"बाई, दार उघडा," त्या म्हणाल्या. "न्यायचं ते नेऊ दे."